क्लच घसरला की प्लेटा संपल्या? जुन्या बुलेटबाबत तरी नाही

‘जुन्या बुलेटचा क्लच घसरायला लागला की प्लेटा संपल्या. घरी हात लावू नका, इंजिन उतरवावं लागतं. तोवर क्लचच्या स्प्रिंगखाली वॉशर घाला आणि इंजिन ऑइल बदला.’ व्हॉट्सॲपवर हा सल्ला जोरात फिरतोय. उजव्या पायाला गिअर असलेल्या, चार गिअरच्या कास्ट आयर्न बुलेटला यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही.

प्लेटा संपल्या, हे सगळ्यात शेवटी म्हणायचं. प्लेटा झिजतात तसा पुशरॉड (क्लच सोडवणारी दांडी) गिअरबॉक्सकडे सरकतो आणि लिव्हरचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, आपोआप कमी होत जातो. प्ले उरलाच नाही की लिव्हर न दाबताही क्लच किंचित दाबलेला राहतो. चढावर इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. प्लेटांत जीव असतो तरीही! म्हणून आधी क्लच वायर पूर्ण ढिली करा. गिअरबॉक्सवरचं छोटं लंबगोल झाकण काढा, आतला लॉकनट सोडा, स्क्रू टेकेपर्यंत आत घ्या, जरासा मागे फिरवा आणि नट घट्ट करा. मग वायरने लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर प्ले ठेवा. खर्च शून्य.

किकवरूनही कळतं. या बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते, त्यामुळे क्लच घसरत असेल तर पाय खाली जातो पण इंजिन फिरत नाही. मात्र ‘कटकट’ असा दातांचा आवाज आला तर दोष किकच्या रॅचेटचा, म्हणजे दातेरी चाकाचा. तिथे क्लच उघडून उपयोग नाही.

इंजिन उतरवायची बात तर निव्वळ भीती घालणं आहे. क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिनाकडून क्लचकडे येणाऱ्या चेनच्या पेटीत) असतो. फूटरेस्ट काढा, ब्रेक पेडल आड येत असेल तर बाजूला घ्या, मधला एकच मोठा नट सोडा आणि कव्हर बाहेर. खाली तसराळं ठेवा, तेल सांडतंच.

वॉशरचा जुगाड मला मुळीच पटत नाही. लिव्हर जड होते, प्लेटा नीट सुटत नाहीत, गिअर अडकतात. स्प्रिंग मऊ पडल्या असतील तर तिन्ही नव्या घ्या आणि स्क्रू पूर्ण बसेपर्यंत घट्ट करा.

तेलाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. घर्षण कमी करणाऱ्या रसायनांचं कारचं तेल ओल्या, म्हणजे तेलात बुडून चालणाऱ्या, क्लचला खरंच घातक. पण या बुलेटमध्ये क्लचचं तेल चेनकेसमध्ये वेगळं असतं, इंजिन ऑइल बदलून त्याला काय फरक पडणार? चेनकेसमध्ये जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या) दर्जाचं तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच भरा. जास्त झालं तरी क्लच घसरतो.

एवढं करूनही घसरत असेल तर प्लेटा बाहेर काढा. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा. ती डुगडुगत असेल, निळी पडली असेल किंवा घर्षणाच्या प्लेटांचं अस्तर गुळगुळीत, जळकट झालं असेल, तर खुशाल नवा सेट आणा.