निखळलेला दात आणि वाळपईचा रस्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मुलाचा कायमचा दात अपघातात मुळासकट निखळला तर तो तिथेच जबड्यातल्या खोबणीत परत बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही बरंच झाडलंत. मुद्दे थोडक्यात असे: पडलेला दात आईबापांनी परत बसवायचा ही अघोरी सूचना आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईहून पणजीजवळच्या बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठेपर्यंत तास-सव्वा तास जातो, त्यामुळे ‘लगेच डॉक्टर’ हे पणजीवाल्यांचं शास्त्र, शाळेतल्या तक्त्यावर दात नळाखाली १० सेकंद धुवा असं लिहिलंय आणि मी दूध म्हणतो, आणि दूध कशाला, घरोघरी आडसरं (शहाळी) आहेत की.

आधी माझी चूक. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, हे मी लेखात शेवटून दुसऱ्या ओळीत कोंबलं होतं. ते पहिल्या ओळीत हवं होतं. दुधाचा दात खोबणीत दाबला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. चार वर्षांच्या पोराचा दात पडला तर बसवायचं काहीच नाही, फक्त डॉक्टरांना दाखवायचं. घोळ होतो तो सहा ते बारा वर्षांत, कारण तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात. समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ या वयात येतात. ते मोठे, किंचित पिवळसर, आणि नवे असताना कडेला करवतीसारखे दाते असलेले. तरीही ओळखता आला नाही तर बसवू नका, दुधात टाका आणि निघा.

आता रस्त्याचं. काका, बांबोळी लांब आहे म्हणूनच तर पहिली पाच मिनिटं अंगणातच वापरायची. मुळाभोवती एक पातळ, जिवंत पडदा असतो. दात कोरडा राहिला की त्यातल्या पेशी मरायला लागतात. तासाभरात खेळ जवळपास संपतो. वाळपई ते बांबोळी म्हणजे नेमका तेवढाच वेळ. खोबणीत किंवा दुधात असलेला दात हा प्रवास सोसतो, रुमालातला नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चवथीला आम्ही सत्तरीत आजोळी होतो, मुलगा नऊ वर्षांचा. पावसाने शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरला आणि समोरचा दात मुळासकट बाहेर. मी काय केलं? मातीने लाल झालेलं मूळ साबण लावून बोटाने घासघासून पांढरंशुभ्र केलं आणि टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवलं. दोन तासांनी डॉक्टरांनी तो बसवला, दोन आठवडे शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवला. मी स्वच्छतेच्या नावाखाली तो पडदाच खरवडून टाकला होता. आज मुलगा चौदा वर्षांचा आहे. दात हाडाला चिकटलाय. जबडा वाढतो, तो वाढत नाही. फोटो काढताना पोर ओठ मिटून हसतो.

शाळेच्या तक्त्याबद्दल: तो खोटा नाही, जुना आहे. दंत-अपघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१२च्या सूचनांत गार वाहत्या पाण्याखाली जास्तीत जास्त १० सेकंद असंच होतं. २०२०च्या सूचनांत दूध, सलाईन किंवा मुलाचीच लाळ आली. दात पांढऱ्या, चावायच्या बाजूने धरायचा, दुधात हलकेच हलवायचा, खोबणीत सरकवायचा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. मूल रडून हातपाय झाडत असेल तर जबरदस्ती नको. पेला, दूध, दात, गाडी. दूध नसेल तर पेल्यात मुलाला थुंकायला लावा. साधं पाणी शेवटचा पर्याय. पण कोरड्यापेक्षा तेही बरं.

आडसराचं म्हणाल तर मलाही मोह झाला होता. त्याच्या पाण्यावर प्रयोग झालेत, पण निकाल उलटसुलट आहेत आणि ते आम्लधर्मी असतं. शिवाय कोयता शोधून, आडसर सोलेपर्यंत फ्रीजमधली दुधाची पिशवी कधीच फोडून होते!

एका गोष्टीवर मात्र तुम्ही आणि मी एकच. मूल बेशुद्ध पडलं, उलट्या करायला लागलं, किंवा रक्त थांबेना, तर दात गेला खड्ड्यात, आधी १०८.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय, जवळचा दवाखाना सोडून बांबोळीच का? मी तसं म्हटलेलं नाही. वाळपईत, साखळीत दाताचे डॉक्टर आहेत, जवळचा गाठा. फक्त आपल्याकडे दुपारी एक ते साडेतीन सगळं गाव झोपतं, दवाखानेही. त्यामुळे निघण्याआधी फोन करा, आणि त्या वेळेत दार उघडतील का हे आजच विचारून ठेवा. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “घर वरच आहे, बेल वाजवा.”