आवाजाची सही
रेडिओवरच्या जुन्या क्रिकेट समालोचकांच्या सह्या जमवण्यावरचा लेख वाचला आणि आमचे आप्पा डोळ्यांपुढे उभे राहिले. रावेरला केळीला पाणी भरताना ट्रान्झिस्टर बांधावर असायचा. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की फावडं जागीच थांबायचं. खेळाडूंमागे सगळेच धावतात हो, आवाजाच्या माणसापुढे वही कोण धरतं? आप्पांनी जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, पाठवून एका समालोचकाची सही मिळवली होती. निळी शाई, शेवटचं अक्षर ओल्या बोटाने फिसकटलेलं. भारतातले सुरुवातीचे रेडिओ समालोचक बॉबी तल्यारखान यांनी १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून चौरंगी स्पर्धेतल्या (हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांच्या) सामन्याचं समालोचन केलं. पुढेही ते दिवसदिवस एकटेच बोलत, माइक कुणाला देत नसत. त्यांची सही कुणाकडे असेल तर फोटो नक्की टाका. मला ती बघायचीच आहे.