म्युझियममधल्या महालक्ष्म्या

यंदा वहिनीने महालक्ष्म्यांचा फुलोरा आणि पुरणपोळ्या बाहेरून मागवल्या. बास, एवढंच झालं. पण आमच्या लातूरच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस जे काही चाललं ते विचारू नका, आणि शेवटी काकांनी निकाल दिला, "असंच चालू राहिलं तर पुढच्या पिढीला महालक्ष्म्या म्युझियममध्ये जाऊन बघाव्या लागतील." त्याखाली चौदा जणांचे हात जोडलेले इमोजी. त्यातले अकरा पुरुषांचे, मी मोजले.

मला राग आला तो म्युझियम या शब्दाचा. कारण त्याच रविवारी मी इथे कोरियात म्युझियममध्येच होते. पाऊस पडत होता, पोराला लोट्टे वर्ल्ड हे सोलमधलं राइड्सचं पार्क कबूल केलेलं, आमच्या सुवनहून निघून सोल्लुंगला लाइन बदलून जामसिलला पोचलो तर राइड्सच्या रांगा बघूनच माझे पाय दुखायला लागले, मग त्याला तिथल्याच फोक म्युझियममध्ये ढकललं. तिथे जोसन काळातलं, म्हणजे इथल्या जुन्या राजवटीतलं, अख्खं जग बाहुल्यांएवढं करून मांडलंय. दरबार आहे, बाजार आहे, शेतं आहेत आणि लग्न पण आहे. दिवाळीतल्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो ना तसंच, फक्त इथे प्रत्येकाच्या कपड्याला नीट शिवण आहे.

लग्नासमोर मी बराच वेळ उभी होते. पूर्वी इथे लग्न नवरीच्या अंगणात लागायचं. नवरा लाकडी हंस घेऊन येतो, टेबलावर कापडात गुंडाळलेला कोंबडा आणि कोंबडी, नवरीच्या गालांवर आणि कपाळावर लाल ठिपके. नवरी दोनदा वाकते, नवरा एकदाच (हे काकांना आवडेल). मग सासूसासरे खजुरासारखी लाल बोरं आणि चेस्टनट तिच्याकडे फेकतात, ती झेलते, म्हणजे पोरंबाळं होवोत. हल्ली वेडिंग हॉलमध्ये अर्ध्या तासात लग्न आटपतं, पाकीट द्यायचं, कूपन घेऊन बुफेला जायचं, पण हा फळं झेलण्याचा कार्यक्रम बरेच जण आत एका खोलीत अजून करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, अगं ही तर ओटी!

पहिल्या वाढदिवसाला बाळासमोर दोरा, पैसे, पुस्तक, धनुष्य असं मांडतात आणि ते काय उचलतं ते बघतात. आमच्याकडे उष्टावणाला हेच करतात. आता इथे त्यात माईक आणि स्टेथोस्कोप पण ठेवतात. दोरा उचलला तर दीर्घायुष्य, माईक उचलला तर आईबापांचा जीव भांड्यात. परंपरा बुडाली म्हणून कोणी रडताना मी तरी पाहिलेलं नाही.

आणि मग जेसा, म्हणजे पूर्वजांची पूजा, आपल्या श्राद्धाच्या जवळची. खोलीत पुरुष बाहुल्या रांगेत नमस्कार करतायत. मागच्या स्वयंपाकघरात बाया. एक तर कढईचं झाकण उलटं टाकून त्यावर धिरडी काढतेय, बोटाएवढी बाई, आणि करणाऱ्याने तिची पाठ इतकी बरोबर वाकवलीय की मला आमचं मागचं अंगणच दिसलं. आजी, मग आई, आता वहिनी. सोळा भाज्या, पंचामृत, आंबील, कटाची आमटी.

तर काका, ऐका. हे कोरियन लोक पूर्वजांच्या बाबतीत आपल्यापेक्षा काकणभर कडकच. पण सुंगक्यूनक्वान म्हणून इथली कन्फ्यूशियन विद्येची संस्था आहे, १३९८ ची, साधीसुधी नव्हे, त्यांनी २०२२ च्या सप्टेंबरात चुसोकच्या, म्हणजे पूर्वजांना पूजतात त्या इथल्या सुगीच्या सणाच्या, आधी जाहीर केलं की पूजेच्या टेबलावर नऊ पदार्थ असले तरी खूप झाले, आणि तळलेलं काही मांडायची गरज नाही. मोठा विधी साधा असावा असं जुन्या ग्रंथातच आहे म्हणे. आणि लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला यावरून घरोघरी जे वाद होतात तो नियम ग्रंथात कुठेच सापडत नाही! आपल्याकडे सोळा भाज्या कुठल्या ग्रंथात आहेत ते काकांनी मला दाखवावं, मी स्वतः येऊन सोळाच्या बत्तीस करीन.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वर माझ्या पोराच्या मित्राच्या आईचं उदाहरण दिलं, ती चुसोकची धिरडी सरळ बंचानच्या, म्हणजे तयार तोंडीलावण्यांच्या, दुकानातून आणते आणि सासू काही बोलत नाही. (सासू बोलते. पण ते ग्रुपला कशाला सांगू. तसंच इथला जन्मदर २०२३ मध्ये बाईमागे ०.७२ मुलांवर आला होता हेही मी काकांच्या हाती लागू दिलेलं नाही, नाहीतर सगळं खापर त्या धिरड्यांवरच फुटेल.)

काकांचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून शिकवू नकोस."

हे मला लागलं. आम्ही काय इथे मजा मारतोय? मी पण गणपती बसवते, पुस्तकांच्या कपाटावर, वीतभर मूर्ती, पुरण मिक्सरमध्ये आणि आरती यूट्यूबवर, हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडचे लगेच इमारतीच्या ऑफिसला तक्रार करतात. पण महालक्ष्म्या नाही बसवत. त्या माहेरच्या. आजीचे पितळी मुखवटे दादाकडे गेले आणि ते बरोबरच आहे, लेकीला कोण देतं.

खरं सांगायचं तर नऊ वर्षं मी त्या काळात घरी गेलेले नाही. मी नुसते फोटो मागवते. मुखवट्यांचा काढलास का, साड्यांचा काढ ना, फुलोरा नीट दिसत नाहीये परत काढ. वहिनी चुलीवरून उठून काढायची. तिच्या बाजूने भांडणारी मीच आणि तिला त्या काचेमागे उभी करून बघणारी पण मीच. यंदा फुलोऱ्याचा फोटो आला तेव्हा करंज्या एकदम एकसारख्या दिसल्या, विकतच्या, आणि ग्रुपवर काही बोलायच्या आधी पहिल्यांदा मला पण वाटलंच, अरेरे.

रात्री वहिनीचा वेगळा मेसेज आला. "ताई, माझ्यासाठी भांडू नका हो. काकांचं मी बघते. तुम्ही एका वर्षी या, सगळं बाहेरून आणू, तुम्ही आंबील तेवढी करा. आईंसारखी मला जमत नाही."

आंबील मला पण जमत नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षीची तिकिटं बघून ठेवली आहेत, चुसोकच्या आसपास फार महाग असतात.