चुकलेल्या उत्तराचा एक मार्क

परवा लेकीने मोबाईल पुढे केला. "आई, दहा गाजलेले ब्रिटिश फोटो. ओळखून दाखव." वीस वर्षं इथे लंडनमध्ये काढलीत, मीही पदर खोचून बसले.

बीटल्स बँडचे चौघं झेब्रा क्रॉसिंग ओलांडतानाचा ॲबी रोड तर डोळे झाकून. ८ ऑगस्ट १९६९, पोलिसाने रहदारी अडवलेली, फोटोग्राफर शिडीवर, दहा मिनिटांत सहा फोटो. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात धुराच्या लोटांतून वर आलेला सेंट पॉल चर्चचा घुमट: डिसेंबर १९४०, हर्बर्ट मेसन. ढिगाऱ्यातून बाटल्या घेऊन निघालेला दूधवालाही ओळखला. (तो खरा दूधवाला नव्हताच म्हणे. सेन्सॉर पडझडीचे फोटो छापू देईना, म्हणून फ्रेड मॉर्लीने आपल्याच सहायकाला पांढरा कोट चढवला, असं सांगतात. "म्हणजे फेक!" लेक खूश.)

मग आला आठवा. लॉर्ड्स क्रिकेट मैदानाबाहेर पाच मुलं. दोघं उंच टोपी, हातात काठी, कोटाला फूल. शेजारी तिघं साध्या कपड्यांतली, त्या दोघांकडे बघून खुदखुदणारी. प्रश्न: टोपीवाले कुठल्या शाळेचे? मी ठोकून दिलं, "ईटन." हिरवी खूण. एक मार्क.

रात्री झोप येईना म्हणून शोधत बसले. ९ जुलै १९३७, जिमी साइमने काढलेला फोटो, ईटन विरुद्ध हॅरो या दोन श्रीमंत शाळांच्या क्रिकेट सामन्याचा दिवस. आणि ती मुलं हॅरोची! मी राहते हॅरोत. त्या शाळेची गवती टोपीवाली पोरं टेकडीवर रोज दिसतात. तरी ईटन म्हणाले, कारण सगळे ईटनच म्हणतात.

मला राग मार्काचा नाही. इथे गरीब-श्रीमंत दरीवर कुणी लेख लिहिला की हा फोटो छापून येतो, जणू पाचही जणांचं नशीब त्या फुटपाथवरच ठरलं होतं. प्रत्यक्षात टोपीवाले दोघं गाडीची वाट बघत होते. गाडी यायला उशीर झाला होता. उरलेले तिघं सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, मग शाळेला दांडी मारून सामान उचलून चार पैसे मिळतात का बघायला आले होते. टोपीवाल्यांपैकी एक पुढच्याच वर्षी आई-वडिलांकडे भारतात गेला आणि घटसर्पाने तिथेच वारला. दुसरा १९८४ मध्ये मनोरुग्णालयात वारला. खुदखुदणारे तिघं मात्र कामाधंद्याला लागले, त्यांनी संसार केले.

सन, नाव, शाळा विचारून झालं की फोटो कळला असं आपण धरून चालतो. मी तरी त्यातल्या एका टोपीवाल्या पोराच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. टोपीखाली तो कंटाळलेला दिसतो, बस.

सकाळी लेकीला म्हटलं, माझा एक मार्क कमी कर. ती म्हणाली, "आई, ॲपमध्ये तसं बटण नाहीये."