नवरा कागदावर आहे, घरात नाही

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना नवऱ्याने चौदा वर्षांपूर्वी टाकलं. घटस्फोट झालेला नाही. पलीकडच्या तालुक्यात त्याचा दुसरा संसार आहे, मुलं आहेत, आणि ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. ताई भावाच्या पडवीला पत्रे ठोकून, वेगळी चूल मांडून राहतात.

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचा आधार क्रमांक भरायचा, ओटीपी जाणार त्याच्या मोबाइलवर. ताईंनी कितीतरी वर्षांनी त्याला फोन केला. माझ्याच फोनवरून, माझ्यासमोर. तो म्हणाला, "निम्मे पैसे मला देत जा, मग सांगतो." ताईंनी फोन ठेवला आणि कणीक मळायला बसल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय झाली. ती व्हायलाच हवी होती. पण टाकलेल्या बाईने कुठला दाखला आणायचा? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द पहिल्या दिवसापासून आहे. मात्र कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी आणि अविवाहित मुलं अशीच आहे. म्हणजे त्याने उद्या चारचाकी घेतली तर ती ताईंच्या कुटुंबाची गाडी ठरू शकते आणि ताईंचे पैसे बंद होऊ शकतात.

रेशनचंही तेच. ताईंचं नाव अजून सासरच्या कार्डावर आहे आणि तिथे कुटुंबप्रमुख सासू. महिन्याचं माणशी पाच किलो धान्य ताईंच्या नावावर निघतं, ताईंच्या पोटात जात नाही. नाव कमी करायला गेल्या तर सासूची सही आणा म्हणाले. संजय गांधी निराधार योजनेसाठी विचारायला गेलो तेव्हा भावाचं उत्पन्न विचारलं. तिथे मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. थोडक्यात, एका टेबलावर त्या नवऱ्याच्या घरच्या, दुसऱ्या टेबलावर भावाच्या घरच्या. पत्र्याखालच्या त्यांच्या स्वतःच्या घराची नोंद कुठेच नाही.

2011 च्या जनगणनेत देशात नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायका 23 लाखांवर होत्या. घटस्फोटितांची संख्या त्याच्या निम्मीही नव्हती. संगमनेरच्या अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि त्यांचे सहकारी परित्यक्तांचा प्रश्न कित्येक दशकं मांडत आलेत. तरी आपला अर्ज अजून विवाहित, विधवा, घटस्फोटित यापुढे सरकायला कचरतो.

माझी भाची इंग्लंडमध्ये आहे, तिच्याकडून तिथलं ऐकलं. तिथे युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत, मागताना लग्न मोडल्याचा कोर्टाचा कागद लागत नाही. नवरा-बायको कायमचे वेगळे झाले असतील तर ती एकटी म्हणून अर्ज करू शकते. प्रत्यक्ष एकत्र राहता का, खर्च एकत्र आहे का, हे बघतात. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. लग्न न करता जोडप्यासारखं राहिलात तरी जोडपंच धरतात, म्हणून एकट्या बाईकडे कोण येतं, कोण रात्री राहतं याची चौकशी होऊ शकते.

हे ऐकल्यावर मी माझं मत थोडं बदललं. आधी मला वाटायचं, शेजारच्या चार जणांचा पंचनामा करा आणि द्या दाखला. आता वाटतं, गावाच्या हाती बाईच्या चारित्र्याचा निवाडा देऊ नये. बाईने साध्या कागदावर लिहून द्यावं की मी वेगळी राहते. सेविकेने घरी येऊन फक्त चूल वेगळी आहे का ते बघावं. कार्यालयाने नवऱ्याला नोटीस पाठवावी आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तिचं म्हणणं धरावं. त्याला शोधण्याचं काम सरकारचं, तिचं नव्हे.

पोटगीचा दावा लावू म्हणून मी ताईंच्या मागे लागले आहे. त्या म्हणतात, "बाई, तारखेला गेले की चार घरचं काम बुडतं." काल त्यांनी विचारलं, "मी विधवा असते तर बरं झालं असतं का हो?" मला उत्तर देता आलं नाही.

तहसील कचेरीत काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर अशा बाईचा अर्ज कुठल्या रकान्यात बसवता येतो ते कृपा करून इथे लिहा. मी त्यांना घेऊन येते.