मॅग्नेशियमने नस आणि स्नायूचा जोड परत बसत नाही

नस आणि स्नायू यांचा जोड वयाबरोबर ढिला होतो, म्हणून अशक्तपणा येतो. रोज मॅग्नेशियमची पावडर घ्या, पोटरीवर आणि मनगटावर टिचक्या मारा, २१ दिवसांत नवा जोड बसेल. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करा, कारण त्या नसांना आळशी करतात. अशा अर्थाचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या आत्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचल्याने स्नायू अशक्त होण्याचा आजार. तिला तो मैत्रिणीने काळजीपोटी पाठवला आणि तिने मला विचारलं, "अरे, मग सकाळची गोळी सोडू का?" त्यामुळे हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

आधी तो ढिला जोड. मेसेजसोबत सॉकेटमधून निसटलेल्या तारेचं चित्र आहे. पण नस स्नायूत तारेसारखी खोचलेली नसतेच. दोघांमध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. अगदी धडधाकट माणसातही असते. नसेच्या टोकातून असिटाइलकोलीन हे रसायन त्या फटीत सुटतं, समोरच्या स्नायूवरचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन ओळखणारी प्रथिनं, ते पकडतात, आणि स्नायू आकुंचन पावतो.

हे रिसेप्टर नेमके नसेच्या समोरच दाटीने कसे बसतात, हा खरा प्रश्न आहे. गर्भात नस पोचण्याआधीच स्नायूचा तंतू आपल्या मधल्या भागात रिसेप्टरांचे छोटे पुंजके करून ठेवतो. मग नसेचं टोक येतं आणि ॲग्रिन नावाचं प्रथिन सोडतं. ॲग्रिन स्नायूवरच्या एलआरपी४ या प्रथिनाला धरतं, त्यातून मस्क हे प्रथिन जागं होतं, डॉक-७ हे प्रथिन आतल्या बाजूने मस्कला चालू ठेवतं, आणि रॅप्सिन हे प्रथिन रिसेप्टरांना एका जागी बांधून ठेवतं. त्याच वेळी असिटाइलकोलीन उलटं काम करतं. ज्या पुंजक्यांना ॲग्रिनचा आधार नाही ते त्याच्यामुळे विखुरतात. म्हणून शेवटी पुंजका उरतो तो नसेसमोरचाच. मोठेपणी तिथे एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे १०,००० रिसेप्टर असतात, आणि त्याच तंतूवर थोडं बाजूला गेलं की हजारपटीने कमी.

यातली एक कडी काढली तर काय होतं, तेही माहीत आहे. १९९६ साली 'सेल' या नियतकालिकात मस्क नसलेल्या उंदरांवरचा शोधनिबंध आला. त्या पिल्लांना नसा होत्या, स्नायू होते, नसा स्नायूंपर्यंत पोचलेल्याही होत्या. पण रिसेप्टर एकत्र आले नाहीत, नसांची टोकं कुठे थांबायचं ते न कळल्यासारखी पसरत गेली, आणि श्वास घेता न आल्यामुळे पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. नस स्नायूला टेकली की झाला जोड, असं समजणाऱ्याने हे वाचावं. या साखळीत बाहेरून टिचक्या मारून दुरुस्त करण्याजोगं काहीही नाही, त्यामुळे टिचक्यांवर मी जास्त शब्द घालवत नाही.

आता मॅग्नेशियम. संपूर्ण मेसेजमधला हा सगळ्यात घातक भाग.

नसेच्या टोकात कॅल्शियम शिरलं की असिटाइलकोलीन सुटतं. मॅग्नेशियम नेमकं तिथेच कॅल्शियमच्या आड येतं. म्हणजे मॅग्नेशियम वाढलं की रसायन कमी सुटतं आणि स्नायूला मिळणारा संदेश क्षीण होतो. हे आजकालचं संशोधन नाही. १९५४ साली डेल कॅस्टिलो आणि बर्नार्ड कॅट्झ या शास्त्रज्ञांनी बेडकाचा स्नायू कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या द्रावणात ठेवला. संदेश मुद्दाम इतका क्षीण करायचा होता की असिटाइलकोलीन ठरावीक मापाच्या पुड्यांतून सुटतं हे दिसावं. ते दिसलं. कॅट्झ यांना पुढे १९७० साली नोबेल मिळालं. ज्या पदार्थाने प्रयोगशाळेत नसेचा निरोप दाबला, तोच पदार्थ हा मेसेज निरोप वाढवायला सांगतोय!

मायस्थेनियात आधीच रिसेप्टर कमी झालेले असतात, कारण शरीराचीच प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्यांच्यावर, आणि काही रुग्णांत मस्कवर, हल्ला करतात. समोर पकडणारे कमी, त्यात मॅग्नेशियमने सोडणाराही हात आखडता घेतला, तर उरलेली ताकदही जाते. म्हणूनच या आजारात जपून वापरायच्या औषधांच्या यादीत मॅग्नेशियम असतं. शिरेतून दिलेलं सर्वांत धोक्याचं, पण पावडर आणि गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते शरीरात साठत जातं, तेव्हा आणखी सांभाळायला हवं.

हो, मॅग्नेशियम शरीराला लागतं, आणि ते फारच कमी पडलं तर पेटके येतात. एवढं मान्य. पण कमतरता भरून काढणं आणि नवा जोड बांधणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

२१ दिवसांच्या दाव्यात खऱ्याचा एक कण आहे. रिसेप्टर कायमचे नसतात. निरोगी स्नायूत त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे जायला लागणारा वेळ, साधारण १० दिवस असतं, जुने जातात आणि नवे येतात. पण हे आपोआप, आयुष्यभर चालतं. मायस्थेनियात प्रतिपिंडांमुळे ते फार लवकर नष्ट होतात आणि नव्यांची भरती पुरी पडत नाही. तिथे प्रतिपिंडं आवरावी लागतात, आणि ते काम पावडर करत नाही.

राहिल्या 'नसांना आळशी करणाऱ्या' गोळ्या. आत्या घेते ती पायरिडोस्टिग्मिन असिटाइलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे सुटलेलं रसायन फटीत जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या रिसेप्टरांना ते पकडायची संधी मिळते. यात आळस कुठे आला? ही गोळी प्रत्येकाला चालत नाही, हे मात्र खरं. डॉक-७च्या जनुकात जन्मतः दोष असलेल्यांना तिने त्रास वाढू शकतो, त्यांना सालब्युटामॉल किंवा इफेड्रिन या औषधांचा उपयोग होतो. पण हे जनुकाच्या तपासणीवरून आणि तज्ज्ञाने ठरवायचं असतं, फॉरवर्ड वाचून नव्हे.

आत्याला मी सांगितलं तेच इथे सांगतो. गोळी सोडू नकोस, आणि स्टेरॉइड चालू असेल तर ते तर एकदम मुळीच बंद करायचं नाही. कुणी या मेसेजवरून आधीच पावडर घेतली असेल किंवा गोळी सोडली असेल, तर आजच डॉक्टरांना कळवा. गिळताना ठसका लागू लागला, बोलणं नाकातून येऊ लागलं किंवा आडवं झाल्यावर श्वास अपुरा वाटला, तर फोनवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि तिथे पोचल्यावर आपल्याला मायस्थेनिया आहे आणि मॅग्नेशियम घेतलंय, हे पहिल्याच वाक्यात सांगा.