तारा आम्ही बसवतो, दात सरकतात ते तुमच्या घरी

फोंड्यात दात सरळ करण्याचे उपचार करताना पालकांकडून येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "डॉक्टर, तारा किती महिने ठेवाव्या लागतील?" साधारण दीड ते दोन वर्षे, असे मी सांगते खरे, पण त्या उत्तराचा मोठा भाग माझ्या हातात नसतो. रुग्ण माझ्या खुर्चीवर चार ते सहा आठवड्यांतून एकदा, तोही थोडाच वेळ बसतो. दात सरकायचे असतात ते मधल्या दिवसांत, शाळेत, घरी आणि झोपेत. त्या दिवसांत मुले हयगय करतात ती आळसापोटी, असे सर्रास म्हटले जाते आणि मला ते मान्य नाही. काय करायचे ते त्यांना सांगितलेले असते. का करायचे ते बहुधा कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सर्वांत जास्त हयगय होते ती रबरांच्या बाबतीत. वरच्या आणि खालच्या दातांच्या हुकांना अडकवायची ही लहान रबरे बहुतेकांना दिवसातले २० ते २२ तास लावण्यास सांगितली जातात. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका पण सतत दाब राहिला, तर ज्या बाजूला तो थर दाबला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड तयार होते. दात सरकतो तो असा, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. रबर फक्त रात्री लावले, तर रात्री पुढे सरकू पाहणारा दात दिवसा मागे येतो. दात दुखतो, डुगडुगतो आणि जागच्या जागी राहतो. गेलेले दिवस भरून काढण्यासाठी अपॉइंटमेंटच्या आठवड्यात दोन-दोन रबरे लावणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु दाब वाढला की त्या थरातला रक्तपुरवठा दबतो, हाड विरघळण्याचे काम वेग घेण्याऐवजी थांबते आणि मुळालाही इजा होऊ शकते. राहून गेलेले तास जोर लावून परत मिळत नाहीत, एवढे मुलाला आरसा हातात देऊन समजावले, की पुढच्या वेळी त्याच्या दप्तरात रबरांचे जादा पाकीट आपोआप सापडते. लाळेत राहून रबराचा ताण कमी होतो, म्हणून तेच रबर दोन-तीन दिवस वापरू नये.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेला साचलेल्या पिष्टमय आणि गोड अन्नकणांवर जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताच्या वरच्या आवरणातील खनिजे निघून जातात. असे पांढरट डाग महिन्याभरातही दिसू लागतात आणि तारा काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर चौकोनी पांढरी चौकट, असे चित्र उरते. आईवडिलांचा हिरमोड होतो. मुलाला तर आरशात पाहावेसेही वाटत नाही. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून खाली तिरका धरून, मग खालून वर तिरका धरून फिरवावा, तारेखालची जागा दातांच्या फटींसाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशने साफ करावी आणि पेस्ट फ्लोराइडची असावी. हिरडीतून रक्त आले की तिथे ब्रश लावणे बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक वेळा ते रक्त तिथे घाण साचल्यामुळेच येत असते, तेव्हा त्या जागी अधिक हळुवारपणे, पण अधिक काळजीने ब्रश फिरवायला हवा.

खाण्याबाबत मी फार कडक नाही. चवथीला नेवऱ्या, लाडू खाऊ नकोस असे गोव्यातल्या मुलाला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. जत्रेतले खाजे, चिकी, भाजलेले कणीस आणि खोबऱ्याची कातली समोरच्या दातांनी तोडू नये, एवढे पाळले तरी बरेच ब्रॅकेट वाचतात. पेरू, कैरी बारीक कापून दाढेने खावी, कडक उंडो (गोव्यातला गोल पाव) पातळ भाजीत बुडवून घ्यावा. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी मात्र तारांवर बसेल असा माउथगार्ड मागून घ्यावा. तोंडावर चेंडू बसला की ओठ आतून ब्रॅकेटवर फाटतो.

ब्रॅकेट सुटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, फोन करा. सुटलेल्या ब्रॅकेटचा दात त्या काळात सरकत नाही, कधी तर नको त्या दिशेला वळतो. टोचणाऱ्या तारेवर दातांच्या तारांसाठीचे मेण लावावे. ती घरी नेलकटरने कापू नये.

गोव्यात हमखास येणारी आणखी एक अडचण आहे. उपचार चालू असताना कोणी जहाजावर रुजू होतो, कोणी आखातात किंवा पोर्तुगालला जातो आणि जाण्याच्या आदल्या दिवशी कळवतो. कुणाच्या देखरेखीशिवाय कित्येक महिने ओढ देत राहिलेली तार दातांना नेऊ नये तिथे नेऊ शकते. जायचे ठरताच सांगितले, तर आम्ही ओढ न देणारी तार बसवू शकतो, फोटो आणि एक्स-रे सोबत देऊ शकतो, तिथल्या डॉक्टरला पत्रही देता येते.

मूल रबरे लावत नाही म्हणून तारांऐवजी अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, द्या, असा आग्रह अलीकडे वाढला आहे आणि मला तो काळजीचा वाटतो. अलायनर हवे तेव्हा काढता येतात आणि त्यांनाही दिवसाचे २० ते २२ तास लागतातच. ज्याला रबरांचे कारण पटलेले नाही, त्याचे अलायनर डब्यातच राहतील.

शेवटी रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन. तारा निघाल्या की घरात आनंद होतो, लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी तर अधिकच, आणि तिथून पुढे पुष्कळ जण दवाखान्याकडे फिरकतच नाहीत. नुकताच रोवलेला खांब भोवतालची माती घट्ट बसेपर्यंत टेकू लावून ठेवावा लागतो, तशीच या दातांची स्थिती असते : हिरडीतले काही तंतू नव्या जागेशी जुळायला कित्येक महिने, कधी वर्षही घेतात आणि तोवर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास आणि पुढे अनेक वर्षे रात्री झोपताना रिटेनर लावावा. तो गरम पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो. जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये, कारण तो उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो. काही दिवस राहून गेल्यावर तो बसवताना घट्ट लागला, तर दात हलू लागले आहेत असे समजावे आणि त्याच आठवड्यात येऊन दाखवावे. तेव्हा दुरुस्ती बहुधा सोपी असते. वर्षभराने आलात, तर पुन्हा तारा बसवण्याखेरीज कधी कधी इलाज उरत नाही.